लढाईवर चाललेली
लढाईच्या दिवसांत लोणावळा स्टेशनवर एक मुलगी माझ्या शेजारी बाकावर बसली होती. खाकी साडी, कोरं कपाळ. तिची बोटं बाकावर सारखी टकटक करत होती. माझं डोकं उठलं.

कामशेतची एक म्हातारी तिच्याकडे बघून हळहळली, "धनी लढाईत खपलं व्हय गं, पोरी?"

"नाही मावशी, मीच चाललेय. पलटणीच्या तारा पाठवायला, ही टकटक त्याचाच सराव. घरातलं कुणी कुंकू लावायलाही बाहेर आलं नाही."

म्हातारीनं बाजारातून घेतलेली कुंकवाची पुडी सोडली. आम्हा बायकांना लावतात तसं बोट टेकवलं, थबकली, आणि लढाईवर निघालेल्या गड्याला लावतात तसं सरळ वर ओढलं.

मुलीची बोटं थांबली.

तिची गाडी गेली तेव्हा बाकावर माझी बोटं वाजत होती.