छतावरून उतरवलेले आकडे

ऑल्डर फॉल्समध्ये बर्फावर आपटलेल्या खेळाडूला उठवायला पुष्कळ जण धावत. त्याची फाटलेली जर्सी सांधायला मात्र एकटी फर्नांद वेलेट होती. मेन राज्यातल्या नदीकाठच्या त्या गिरणीगावात ती दिवसभर बुटांच्या कारखान्यात चामड्याला टीप घालायची. संध्याकाळी घरी येऊन बघावं तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॉगर्स या बर्फावरच्या हॉकी संघाच्या हिरव्या जर्सींचा ढीग तयारच. लॉगर्स म्हणजे लाकूडतोडे. गावातल्या निम्म्या पोरांचे बाप खरोखरच जंगलात लाकडं तोडायचे, उरलेल्यांचे गिरणीत. तेव्हा संघाला दुसरं नाव कुणाला सुचणार?

एकतीस वर्षं तिनं त्या जर्सींवर आकडे शिवले. एक टीप काठावर आणि दुसरी आतून, बोटभर अंतर सोडून. "फर्नांदचा आकडा अंगावरून सुटायचा नाही, खेळाडूच सुटेल त्यातून," असं सतरा नंबरचा रेआल मिशो म्हणायचा. तो गोल करायचा आणि गोल झाला की जर्सीच्या बाहीनं नाक पुसायचा. बाहीवरचे ते डाग काढून काढून फर्नांदचे हात सोलले जायचे. "पाठव तुझ्या आईकडे धुवायला," ती सुनवायची. "आईनंच सांगितलंय, फर्नांदकडे दे म्हणून," तो म्हणायचा.

शनिवारी चर्चच्या तळघरात शिजवलेला राजमा आणि डुकराच्या मांसाचं सारण भरलेली पाई खाऊन सगळं गाव हॉकीच्या बंदिस्त मैदानावर जायचं. आत इतकी थंडी की बायका मांडीवर घोंगड्या घेऊन बसायच्या. तळलेल्या कांद्याचा वास, ओल्या लोकरीचा वास, आणि बर्फावर घासणाऱ्या, बुटांखालच्या पात्यांचा तो करकर आवाज. फर्नांद गोल बघायचीच नाही. तिचं लक्ष पाठींवर. कुणाचा आकडा उसवला, कुणाची शिवण ताणली.

त्या गावानं दोनच आकडे निवृत्त केले. आकडा निवृत्त करायचा म्हणजे तो त्या खेळाडूबरोबरच संपला. पुढं संघातल्या कुणी तो अंगावर घालायचा नाही, त्याचं मोठं निशाण छताला टांगायचं. पहिला आकडा चार, ऑस्कार फूर्नियेचा. तेरा वर्षं बचावफळीत उभा राहिला, आणि तेराही वर्षं गिरणीतली पहाटेची पाळी चुकवली नाही. दुसरा रेआलचा सतरा. दोन्ही निशाणं फर्नांदनंच शिवली. टेबलावर मावेनात म्हणून चर्चच्या तळघरात फरशीवर अंथरून, गुडघ्यांवर रांगत. ऑस्कारचं निशाण वर चढलं तेव्हा तो रविवारच्या सुटात बर्फावर उभा होता. बोलायला सांगितल्यावर त्यानं वर बघितलं आणि म्हणाला, "वर फार गरम नसलं म्हणजे झालं." एवढंच. गाव हसलं, आणि ऑस्कारची बायको सिमोन रुमाल डोळ्यांना लावून बसली.

१९९६ मध्ये मालकानं संघ विकला. कधी कुणाला त्याचं तोंड दिसलं नव्हतं. एका आठवड्यात ट्रक आले आणि गोलाच्या जाळ्या, हेल्मेटं, मक्याच्या लाह्यांचं यंत्रसुद्धा घेऊन गेले. संघ ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या एका शहरात गेला, तिथं त्याचं नाव स्कॉर्पियन्स झालं. "लाकूडतोड्यांचे विंचू झाले," रेआल म्हणाला, "आणि बर्फ आता सरबतात." दोन निशाणं तेवढी छताला तशीच राहिली. पुढच्या वर्षी मैदान पाडलं, तेव्हा बर्फ सारखा करणारं यंत्र चालवणाऱ्या हर्वेनं ती उतरवली आणि फर्नांदच्या दारात आणून ठेवली.

"तू शिवलीस, तूच सांभाळ."

तिनं ती देवदाराच्या पेटीत घडी घालून ठेवली. तिकडं विंचवांनी पहिल्याच हंगामात चार आणि सतरा हे आकडे नव्या पोरांना वाटून टाकले. फर्नांदनं टीव्हीवर पाहिलं. आकडे शिवलेले नव्हतेच, इस्त्रीनं चिकटवलेले होते. तिनं टीव्ही बंद केला. गावानं पत्र पाठवलं, चारशे सह्यांचं. उत्तर आलं नाही. मग वीस-बावीस वर्षं द्यूबेच्या उपाहारगृहात, न्हावी नॉर्मांच्या दुकानात त्याच वादाचं दळण चाललं. संघानं जुन्या गावाचे आकडे पाळावेत की नाही? काही म्हणायचे, संघ तोच, इतिहास तोच, मग शब्दही पाळायला हवा. नॉर्मां कात्री चालवत म्हणायचा, "आपल्या बापाचा फोटो परक्याच्या घरात टांगायचा कशाला? ते त्याला ओळखतात का?" फर्नांद नॉर्मांच्या बाजूची. वाद संपायचा नाही, वाद घालणारे मात्र एकेक करून संपत गेले. ऑस्कारही गेला.

२०१९ च्या शरदात फोन आला. स्कॉर्पियन्सच्या कचेरीतली केल्सी नावाची मुलगी बोलत होती. "मिसेस वेलेट, नवीन मालक आलेत. त्यांना जुन्या खेळाडूंचे आकडे आमच्या छताला टांगायचेत. ती जुनी निशाणं तुमच्याकडे आहेत असं कळलं."

"आहेत. आणि माझ्याकडेच राहतील," फर्नांद म्हणाली.

"मी पुन्हा फोन करू का?"

"कर. पण उत्तर हेच."

फोन ठेवल्यावर तिला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी का होईना, त्यांना नकार द्यायला मिळाला. ही बातमी घेऊन ती सिमोनकडे गेली. सिमोन मटणाच्या पाईसाठी पीठ लाटत होती. सगळं ऐकून लाटणं थांबलं.

"तू नाही म्हणालीस?"

"मग काय! तेवीस वर्षांनी जाग आली त्यांना."

"फर्नांद, निशाण तू शिवलंस. पण नवरा माझा होता."

सिमोननं पिठाचे हात पुसले. "इथं ऑस्कार कोण होता ते विचारणारं कोण उरलंय? ज्यांना माहीत होतं ते सगळे त्याच्याच शेजारी टेकडीवर झोपलेत. माझी नातवंडं बॉस्टनला. तिथं निशाण टांगलं तर एखादं पोर तरी वर बघून विचारेल, हा फूर्निये कोण? पेटीतल्या कापडाला कोण विचारतंय?"

"त्यांनी त्याचा आकडा दुसऱ्याला घातला, सिमोन."

"घातला. तेव्हा रडले मी. आता मी त्र्याऐंशीची आहे. रागावून किती दिवस काढू?"

फर्नांद परत निघाली ती सरळ घरी गेली नाही. तिला राग सिमोनचा आला होता की स्वतःचा, हे तिला कळेना. इतकी वर्षं ती निशाणं गावाची आहेत असं म्हणताना, ती आपलीच आहेत असं तिनं कधी गृहीत धरलं होतं, हेही कळलं नाही. ती रेआलच्या दारात थांबली. रेआल तरी आपल्या बाजूनं बोलेल याची तिला खात्री होती.

"सिमोनचं दे. तो तिचा हक्क," रेआल म्हणाला. "माझं देऊ नकोस."

"शाबास. आता कसं शहाण्यासारखं बोललास."

"शहाण्यासारखं नाही गं." तो कानामागं खाजवू लागला. "माझा आकडा वर टांगला तर त्या पोराच्या पाठीवरून काढून घेतील."

"कुठल्या पोराच्या?"

मग बाहेर पडलं ते असं. चार वर्षांपासून रेआल दर सामना बघत होता. नातीनं त्याला कॉम्प्युटरवर लावून दिलं होतं. सतरा नंबर घालणारा फिनलंडचा पोरगा होता, नीमी नावाचा. डावीकडून आत घुसायचा, अगदी रेआलसारखा, फक्त दुप्पट वेगानं. गावात हे कुणाला सांगायची सोय नव्हती. नॉर्मांनं दाढी करताना गळाच कापला असता.

"शत्रूचा संघ बघतोस?" फर्नांद म्हणाली.

"संघ नाही, आकडा बघतो. माझा आकडा रिकामा लोंबकळण्यापेक्षा पळताना बरा दिसतो."

त्या आठवड्यात तिनं पेटी उघडली. ऑस्कारच्या निशाणाला एका कोपऱ्यात कसर लागली होती. तिनं हिरवा तुकडा शोधला आणि रफू केला. आता सुई ओवायलाच वेळ लागायचा, म्हणून दोन दिवस गेले. मग केल्सीला स्वतःच फोन केला. "एक पाठवते. दुसरं मागू नका. आणि इस्त्री करू नका त्याला."

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी सामन्याआधी निशाण चढवायचं होतं. सिमोन मुलीबरोबर विमानानं गेली. फर्नांद रेआलच्या घरी बसली, पुढ्यात कॉफी आणि डोनट. पडद्यावर सिमोन बर्फावर अंथरलेल्या गालिचावरून चालत आली, अंगात चर्चला घालायचा तोच निळा कोट. निवेदकानं नाव चुकवलं. "फोरनीर म्हणाला," रेआल पुटपुटला. निशाण हळूहळू वर गेलं. बारा हजार माणसं उभी राहिली. त्यांनी टोप्या काढल्या. त्यांतल्या एकानंही ऑस्कारला बघितलं नव्हतं, तरी उभी राहिली. फर्नांदचा कप हातातच राहिला. इतक्या उंचावर, इतक्या उजेडात तिनं आपलं काम कधी पाहिलं नव्हतं. ऑस्कार त्या जुन्या गार मैदानात उभा असलेला तिला दिसला, आणि त्याच्याभोवती सगळं गाव, घोंगड्यांसकट.

मग सामना सुरू झाला आणि रेआल खुर्चीच्या टोकावर आला. "अरे दे ना त्याला! आंधळा आहेस का! फर्नांद, बघितलंस? माझ्या काळी यावर मला बाकावर बसवलं असतं."

"तुला बसवलंच होतं. दोनदा."

सिमोन परतली ती खुशीत. तिथल्या दालनात एका बाईनं विचारलं, तुमचे यजमान चांगले खेळायचे का? "मी अर्धा तास बोलले," सिमोन म्हणाली. "बिचारीचा पहिला गोल हुकला. पण उठली नाही." मग ती पाईचं ताट पुढं करत म्हणाली, "अजून रागावली आहेस का?" "थोडी," फर्नांद म्हणाली आणि दोन तुकडे घेतले.

पुढच्या महिन्यात केल्सीनं फोटो पाठवला. फर्नांदनं तो खिडकीशी नेऊन भिंगातून बघितला आणि लगेच फोन लावला.

"डावीकडची दोरी इंचभर वर आहे. ऑस्कार वाकडा लटकतोय."

"मिसेस वेलेट, ते पंच्याहत्तर फुटांवर आहे."

"दिसतं ना तरी. शिडी आहे ना तुमच्याकडे?"

"आहे," केल्सी म्हणाली. "उद्या सकाळी माणूस चढवते. फोनवर राहाल का? तुम्ही सांगाल तसं ओढायला सांगते."

दुसऱ्या दिवशी फर्नांद चष्मा पुसून फोनजवळ बसून राहिली.