पाण्याची राखण

माझ्या धाकट्या जावेला, सुनंदाला, मोबाईलचं वेड लागलं हे आमच्या वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचं मात्र कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. आपलं ठेवायचं झाकून नि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही तर वाडीची जुनीच खोड.

आम्ही बायका खाडीत कालवं काढतो. ओहोटीला खडक उघडे पडले की वाकून शिंपला फोडायचा नि आतलं कालव भांड्यात टाकायचं. वाकलेल्या बाईला पाणी दिसत नाही. त्यात आमच्याकडे भरती समोरून कळत नाही. आधी खडक नि काठ यांच्यामधला मागचा चर भरतो आणि परतीची वाट बंद होते. म्हणून एक बाई उंच खडकावर उभी राहून चरावर नजर ठेवते. तिने हाक दिली की हातातलं टाकून उठायचं. याला आम्ही पाणी राखणं म्हणतो. जिच्यावर सगळ्यांचा जीव सोपवता येईल तिलाच ते काम मिळतं. सुनंदाची नजर घारीची, म्हणून ते तिच्याकडे होतं.

एकदा तिने कालव फोडतानाचा व्हिडिओ टाकला. तो लाखभर लोकांनी बघितला, पार दुबईपासून बदाम आले, आवडलं म्हणून दाबतात ती लाल चित्रं. पुढच्या व्हिडिओला कुत्रं विचारेना. त्यानंतरच्याला परत ढीगभर बदाम, मग पुन्हा शुकशुकाट. तिथेच बाई अडकली. भाकरी थापताना, भांडी घासताना, ओल्या हाताने फोन उघडून बघायची.

"बरं वाटतं काय गो बघून?" मी एकदा विचारलं.

"बरं वाटायचं कधीच बंद झालं, ताई. नुसता हात जातो. गरीला रोज मासा लागला असता ना, तर मी कंटाळले असते. कधी लागतो, कधी नाय, म्हणून सारखी दोरी ओढून बघावीशी वाटते."

मार्चमध्ये व्हायचं तेच झालं. ती खडकावर उभी होती, फोन वाजला आणि ती बदाम बघत राहिली. तेवढ्यात चर भरला. आम्ही छातीभर पाण्यातून काठ गाठला. म्हाताऱ्या सगुणाआजीला दोघींनी काखेत धरून ओढून आणलं. भांडी सगळी वाहून गेली. आजी थरथरत बसली होती आणि सुनंदा तिच्या पायाशी रडत होती. मला एवढा राग आला होता की तिच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

बायकांनी तिच्याकडून राखण काढून घेतली. मुंबईहून तिच्या नवऱ्याने, नितेशभावोजींनी, हुकूम सोडला, मोठा फोन दादाकडे द्या, हिला बटणाचा घ्या. हे सांगणारे भावोजी गावी येतात तेव्हा ताटात काय वाढलंय ते न बघता जेवतात, नजर फोनमध्ये! सुनंदाने फोन दिला नाही. "मी काय पोर आहे, माझ्या वस्तूला कुलूप लावायला?" वाडी म्हणाली, चोर तो चोर वर शिरजोर. माझा राग मात्र तिथे उतरला.

फोन बंद न करता तो कमरेला खोचून ती माझ्या शेजारी मासे साफ करायला बसू लागली. वाजला की तिचा हात उठायचा, परत खाली यायचा. कपाळावर घाम. "खाजकुयली लागल्यासारखं होतं," म्हणायची. "खाजवलं की पसरतं. नाय खाजवलं तर आग आग होते, मग हळूहळू उतरते." काही दिवशी हरायची. हरली की सरळ सांगायची, लपवाछपवी नाही.

आणि एका ओहोटीला ती खाडीवर सगळ्यांसमोर उभी राहिली. "राखण मला परत द्या. फोन कमरेला राहील, चालू."

"घरी ठेव, मग देतो," आमच्यातली वेदिका म्हणाली.

"घरी ठेवला तर फोनला घाबरले असं होईल. हात माझा हाय. मीच आवरणार."

सगुणाआजी भांडं घेऊन उठली. "मी जातंय हिच्या राखणीत. भ्या वाटत असंल त्यांनी काठाला बसा." आणि ती थेट सगळ्यात लांबच्या खडकावर गेली. मग आम्हीही गेलो. खरं सांगते, मी काठाजवळचाच खडक धरला.

फोन वाजला. पुन्हा वाजला. कालव तसंच टाकून मी मान वर केली. सुनंदाचा हात कमरेवर गेला होता. तिने निऱ्या मुठीत घट्ट आवळल्या. नजर चरावरून हलली नाही. आजीने मान वर करूनही बघितलं नाही.

"पाणी फिरलं! उठा गो!"

आम्ही घोट्याएवढ्या पाण्यातून बाहेर आलो. काठावर आजीने विचारलं, "कोणाचा होता गो फोन?"

"ठाऊक नाय. बघितलाच नाय."

"बघावासा वाटला नाय?"

"वाटला ना, आजी. आता पण वाटतंय." सुनंदाने पदर खोचला. "वाटू दे."