बेळगावचं कोर्ट आणि न वाचलेलं कलम

राग गिळावा, असं आमच्या घरात कुणी शिकवलं नाही. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या बोळात दिवसभर मागांचा खडखडाट असायचा. त्यामुळे बोलायचं ते ओरडून आणि भांडायचं ते मिटेपर्यंत. मी नोकरीला लागले ती मात्र विद्यापीठात, आणि तिथं ओरडायची सोय नव्हती. म्हणून एक राग मी जपून ठेवला. त्याचं उट्टं कसं काढलं ते सांगते. मला त्याची लाज वाटत नाही, हेही आधीच सांगून टाकते.

माझं काम संशोधनाच्या करारांचं. एखादी कंपनी विद्यापीठाला पैसे देते, एखादे प्राध्यापक तिच्यासाठी संशोधन करतात, आणि कुणी काय द्यायचं, निघालेली गोष्ट कुणाच्या मालकीची, हे सगळं करारात लिहिलेलं असतं. सही व्हायच्या आधी तो मसुदा वाचायचा आणि खाचखळगे दाखवायचे, हे माझं काम. मसुदा इंग्रजीत, साहेबांची बोलणी कानडीत आणि चहाच्या वेळच्या चुगल्या मराठीत. लोकांना वाटतं, ही बाई फायली अडवायलाच बसलीय. अडवतेच मी. पुढं खड्डा दिसत असताना गाडी सोडायची का?

आमच्याकडे एका विभागाचे प्रमुख होते. त्यांना नुसतं सर म्हणते. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे आणि सत्काराची भारी हौस. घरी शालींनी कपाट भरलेलं असणार. उसाचं पाचट शेतातच लवकर कुजवणारं जिवाणूंचं कल्चर तयार करायचं, असा त्यांचा प्रकल्प होता. पैसे देणारी कंपनी सीमेपलीकडची, कोल्हापूरच्या बाजूची. पण पाचटाच्या ढिगात हात घालून नमुने गोळा करणारी, ते प्रयोगशाळेत वाढवणारी होती निपाणीची एक मुलगी. तिची आई विड्या वळायची. मुलगी त्याच कामावर पीएच.डी. करत होती आणि मला आक्का म्हणायची.

सहीच्या दिवशी मोठ्या हॉलमध्ये बैठक होती. करारात शेवटी एक ओळ असते, वाद झाला तर कुठल्या कोर्टात जायचं. कंपनीनं लिहिलं होतं, कोल्हापूर. झालं! आमच्या भागात सीमेचा विषय निघाला की जेवता माणूस ताटावरून उठतो. सर खवळले, कंपनीचे साहेबही हट्टाला पेटले. मग स्टॅम्प पेपर कुठल्या राज्यात घ्यायचा, यावरून दुसरी फेरी झाली. आमच्या बाजूला मराठी होते, कानडी होते, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारेही होते. त्या दिवशी सगळे एक झाले. चहा गार होऊन गेला. शेवटी कंपनीचे साहेब हसून म्हणाले, "बरं, कोर्ट बेळगावचं. तुमच्या शब्दाबाहेर नाही." गड जिंकल्यासारख्या टाळ्या पडल्या. सरांनी लगेच पेन काढलं.

मी पुढं झाले. "सर, एक मिनिट. त्याच्या वरचं कलम बघा. कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय यातलं काही प्रसिद्ध करायचं नाही, असं आहे. त्यात प्रबंधही येतो. काहीतरी मुदत घालून घेऊ या, नाहीतर मुलगी अडकेल."

सरांनी मान वर न करता म्हटलं, "बाई, करार आम्हाला कळतात. तुम्ही शहापूरच्या मागावर साड्या विणा, इथं करार विणू नका."

सगळे हसले. पाहुणेसुद्धा हसले. मग शाल, फेटा, नारळ, फोटो. आधी कळस मग पाया, ही आमच्याकडची रीतच आहे. मुलगी मागच्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवत होती.

पुढं तिचा प्रबंध तयार झाला, तेव्हा विद्यापीठानं विचारलं, कंपनीची परवानगी कुठं आहे? ती सरांकडे गेली. सर म्हणाले, "कंपनी नाही म्हणते. मी काय करणार?" ती पुन्हा पुन्हा गेली, उत्तर तेच. परवानगी मागायचा अधिकार करारानुसार फक्त प्रकल्पप्रमुखाला, म्हणजे सरांनाच होता. दुसऱ्या कुणी विचारून उपयोग नव्हता. प्रबंध का अडकला याची चौकशी झाली तेव्हा सरांनी सांगितलं की करार बघणाऱ्या बाईंनी हे लक्षात आणून दिलं नाही. मी तर भर बैठकीत सांगितलं होतं, पण हसणाऱ्यांपैकी एकालाही ते आठवेना.

माझी बदली वसतिगृहाच्या भांडारात झाली. गाद्या, कॉट, गळके नळ. मुलगी निपाणीला परत गेली आणि एका क्लासमध्ये दहावीच्या पोरांना विज्ञान शिकवू लागली. तिच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. त्याआधी प्रबंध दिला नाही तर सगळी मेहनत मातीमोल. मी गाद्यांची धूळ झटकत त्या माणसाला शिव्या द्यायची. मनातल्या मनात, पण शहापुरी शिव्या.

मग नवीन कुलसचिव आले. करारांचा तुंबलेला ढीग बघून त्यांनी मला परत बोलावलं. "इन्न नीवं नोड्री," म्हणाले, आता तुम्हीच बघा. मी एकच अट घातली. प्रकल्पप्रमुखानं करारातलं प्रत्येक कलम माझ्या टेबलासमोर बसून वाचायचं, समजलं म्हणून सही करायची, मगच फाईल पुढं जाईल. ते हो म्हणाले. नियम सगळ्यांसाठी होता. माझ्या डोळ्यांपुढं मात्र एकच माणूस होता.

तो आला. तोंडानं मी अहो-जाहो करत होते, मनात अरे-तुरे. त्याची निवृत्ती जवळ आली होती. त्याच कंपनीबरोबर दुसरा, मोठा करार करायचा आणि निवृत्तीनंतर मुख्य शास्त्रज्ञ म्हणून तिथंच खुर्ची धरायची, असा बेत होता. हातात कुंद्याचा, आमच्या बेळगावी मिठाईचा, डबा.

"मॅडम, तुम्ही नव्हता तर या खात्याची पार रया गेली होती."

"बसा सर. वाचू या."

कुंदा मी सगळ्या ऑफिसात वाटला. स्वतःही खाल्ला, कुंद्याचा काय दोष? निपाणीच्या मुलीला मी फोन करून बोलावून घेतलं होतं. ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती. सरांनी तिला बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

मोठ्यानं वाचायला लावलं. त्याला घाम फुटला, घसा बसला. मी साखरेच्या आवाजात विचारलं, "पाणी मागवू का सर?" मग ते कलम आलं. जुन्या करारातलं जसंच्या तसं उचललेलं.

"अर्थ सांगा, सर."

"म्हणजे... कंपनीची परवानगी असेल तरच प्रसिद्ध करता येतं."

"आणि प्रबंध?"

"प्रबंधालाही तेच."

"मागच्या वेळी हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

आजूबाजूच्या टेबलांवरची कामं थांबली होती. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तुम्ही," तो म्हणाला.

हा एक शब्द ऐकायला मी भांडारात दिवस काढले होते. मला इतका आनंद झाला की खोटं कशाला बोलू, पोटात गुदगुल्या झाल्या. पण माझं एवढ्यावर भागणार नव्हतं. "आता कंपनीला फोन लावा. या मुलीच्या प्रबंधाला परवानगी मागा. ती आल्याशिवाय तुमची फाईल इथून हलणार नाही."

"नंतर लावतो."

"आत्ता लावा. स्पीकरवर."

नंबर लावताना तो दोनदा चुकला. मला वाटलं, अपमानानं. पलीकडून कंपनीचे साहेब बोलले, "प्रबंध ना? खुशाल द्या की, सर. आमचं पेटंट केव्हाच दाखल झालंय. तेव्हाच मागितली असती तरी दिली असती. आम्हाला कधी कुणी विचारलंच नाही."

फोन बंद झाला. मुलगी उभी राहिली. "सर, तुमी म्हणालतासा, कंपनी न्हाय म्हणते."

सर समोरचे कागद गोळा करू लागले. परवानगी मागायची म्हणजे कलम न वाचता सही केली आणि जिला हसलो ती बाई खरी ठरली, हे कंपनीपुढं कबूल करावं लागलं असतं. एवढ्यासाठी त्या पोरीला निपाणीत बसवून ठेवलं होतं. मला त्या क्षणी कळलं की आतापर्यंतचा माझा राग म्हणजे काहीच नव्हता.

परवानगी आली. मुदतीच्या आत प्रबंध गेला, तोंडी परीक्षा झाली, मुलगी डॉक्टर झाली. त्या सगळ्या काळात सरांचा नवा करार मी वाचत होते. नीट वाचत होते. प्रत्येक वेळी नवी शंका निघायची आणि प्रत्येक शंका नियमात बसायची. सर बाहेरच्या बाकावर येऊन बसायचे. "झालं का, मॅडम?" "वाचतेय, सर." कंपनीचा धीर सुटत चालला होता आणि सरांची निवृत्ती तोंडावर आली होती.

एक दिवस मुलगी पेढे घेऊन आली. मी काचेतून बघितलं, आत यायच्या आधी ती बाकाजवळ थांबली आणि पहिला पेढा तिनं सरांच्या हातावर ठेवला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. ती आत आल्याबरोबर मी म्हटलं, "त्याला कशाला गं? तुला काही लाज?"

ती शांतपणे माझ्यासमोर बसली. "आक्का, प्रबंधाच्या पहिल्या पानावर माझ्या नावाखाली त्येंचंच नाव हाय. मार्गदर्शक म्हणून. मी म्हातारी झाले तरी त्ये तितंच ऱ्हाणार. तुमी एवढे करार बघितलासा, त्ये नाव कुटल्या कलमानं निघतंय, सांगा की."

बाहेर सर पेढा खात होते, सावकाश, रुमालात कण झेलत. मी त्यांची फाईल टेबलावरून उचलली, कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.