लाल की निळी?

आमच्या थांब्यावर एकाच मार्गावर दोन कंपन्यांच्या बस येतात, एक लाल, एक निळी. आज शेजारच्या शोभाताई धापा टाकत आल्या. दवाखान्यात लेकीला कळा सुरू झाल्या होत्या. "कुठल्या बसचा भरवसा धरू हो?" त्यांनी विचारलं आणि अख्खा थांबा बोलू लागला.

"निळी गारेगार असते!"

"पण वेळेवर येते का? लालच धरा!"

मला वाटलं, बसची खरी परीक्षा वाट पाहणाऱ्याच्या मनात होते. माणसांचीही तिथंच होते की! तेवढ्यात लाल बस खडखडत वळली. "आली, आली!" आम्ही सगळेच ओरडलो आणि शोभाताईंना तिच्यात चढवलं.

संध्याकाळी शोभाताई निळीतून उतरल्या. "नात झाली!" त्या हसत म्हणाल्या. "आता कुठलीही बस चालते हो!"