थोरल्या साडूंची हरणाची शिकार

बसणं ही क्रिया ज्यांना उभ्या जन्मात जमली नाही असे एकच गृहस्थ मी पाहिले, आणि ते नेमके माझे साडू निघाले. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान हिंगोलीच्या एका शाळेत पीटीचे मास्तर होते, म्हणजे पळण्याचा पगार घेत होते. पण सरकारनं पगार दिला नसता तरी ते पळालेच असते. ते पेपर वाचायचे येरझाऱ्या घालत आणि जेवायचे ताट हातात घेऊन, अंगणातून परसात आणि परसातून अंगणात. एसटीत जागा मिळाली तर दोन मिनिटांत ती कुणातरी म्हातारीला देऊन टाकायचे, आणि म्हातारी नसली तर धडधाकट माणसाला आग्रह करून बसवायचे. एकदा न्हाव्याच्या खुर्चीतून ते अर्धी दाढी झाल्यावर उठले, कारण बाहेर कुणाची तरी म्हैस सुटली होती. म्हैस धरून, मालकाच्या दावणीला बांधून, वर त्याला दावं कसं बांधावं यावर चार शब्द सुनावून ते परत आले, तोवर न्हावी दुकान बंद करून जेवायला गेला होता. त्या दिवशी पोरांची कवायत त्यांनी निम्म्या दाढीनं घेतली. पोरं हसली, तर म्हणाले, "दात काहून काढून राहिले रे? उरलेली उद्या करतो."

हे सगळं चाललं असतं, पण हा माणूस स्वतःच्या लग्नातसुद्धा उठला. कन्यादान चालू असताना लाउडस्पीकर बंद पडला. भटजींनी "बसा, बसा" म्हणेपर्यंत नवरदेव मुंडावळ्यांसकट लिंबाच्या झाडावर चढून वायर चाचपत होते. स्पीकर सुरू झाला, मंडळींनी टाळ्याही वाजवल्या. खाली पाटावर मात्र नवरी एकटी आणि तिच्या समोर माझे सासरे, हातात पाण्याचा तांब्या तसाच धरून. बोलणं सासऱ्यांच्या स्वभावातच नव्हतं. पण पुढं कुणाजवळ तरी एवढंच म्हणाले, "ज्याच्यानं सोताच्या लग्नात दम धरवला न्हाई, त्याला कामाचं काय इचारावं?" आणि खरोखरच त्यांनी थोरल्या जावयाला काही विचारणंच सोडून दिलं.

विचारायचे ते मला. मी हिंगोलीच्याच पोस्टात बसणारा माणूस. ज्वारी आणि मका यांतला फरक मला कणीस आल्याशिवाय सांगता येत नाही. तरी डोंगरकड्याहून, म्हणजे सासऱ्यांच्या गावाहून, मला पत्र यायचं, की गोऱ्हा विकावा का, विहिरीतला गाळ यंदा काढावा का, तुमचं मत कळवा. माझा गुण एवढाच की मी एका जागी बसतो. मी आपला जे सुचेल ते लिहून पाठवायचो. साडूंच्या हे जिव्हारी लागलं होतं. एकदा माझ्या दारात चौकटीला हात लावून उभे असताना (आत येऊन बसणं अर्थातच शक्य नव्हतं) ते मला म्हणाले, "साडूभाऊ, मामा मला एकदा तरी काही इचारतील का हो? काहीबी इचारलं तरी चालंल." मी हसण्यावारी नेलं. आता वाटतं, न्यायला नको होतं.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात जे पत्र आलं ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. सासूबाई गेल्यापासून सासरे एकटे राहायचे. दोन मुलीच, त्या आमच्या घरी. दिवस काढायला त्यांच्याजवळ ते एक रान होतं. पत्रात लिहिलं होतं की हरभरा घाट्यावर आलाय, पहाटे हरणांचा कळप उतरतो, माझे गुडघे आता त्यांच्यामागं पळू देत नाहीत. सोमवारी एक माणूस बोलावलाय, रान त्याला बटईनं, अर्ध्या वाट्यावर कसायला देऊन मोकळा होतो. तुमचं मत कळवा. मी ते साडूंना वाचून दाखवलं. ते अंगणात चार फेऱ्या मारून आले आणि म्हणाले, "रान गेलं की मामा गेले समजा. पोस्टकार्ड टाकू नका. शनिवारी सकाळची शाळा सुटली की निघू. कळपातलं एक पाडलं की बाकीचे पुन्हा फिरकत न्हाईत."

"पाडणार कशानं?"

"बाणानं."

मी सरकारी नोकर. हरीण मारलं तर गजाआड जावं लागतं, हे मी त्यांना तीन वेळा सांगितलं. त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं: "लायसन बंदुकीला लागतं. धनुष्याचं लायसन कुठं पाह्यलं का तुमी?" या माणसाशी कायद्याच्या गोष्टी करणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. बायकोची मला ताकीद होती, "तुम्ही जा सोबत, नाहीतर ते एकटे काय करतील त्याचा नेम नाही." म्हणून मी गेलो.

धनुष्य त्यांनी औंढ्याकडून आणलेल्या बांबूचं केलं होतं आणि बाणांना छत्रीच्या काड्यांची टोकं लावली होती. दोरी मात्र धड नव्हती. बाजेच्या सुतळीनं काम होईना. वारंगा फाट्यावर बस सोडून जीप धरताना त्यांना गाद्या भरणारे चाचा दिसले, कापूस पिंजत बसलेले. पिंजणीची तात ही जनावराच्या आतड्याची, ताणली की टणकारते. साडूंना तेच हवं होतं. एक जुनी तात मागून घेऊन त्यांनी तिथंच रस्त्यात धनुष्याला चढवली. चाचांनी डोक्यावरचा कापूस झटकला आणि म्हणाले, "मास्टर, ये तात रुई के वास्ते है. इससे हिरन नै मरता, हिरन की गादी बनती." साडू तोवर जीपच्या टपावर चढले होते.

रानात लिंबाच्या चार मेढींवर मचाण होतं आणि खाली काठी टेकून सासरे बसले होते. त्यांनी साडूंच्या खांद्यावरच्या धनुष्याकडं पाहिलं, नखशिखांत साडूंकडं पाहिलं, आणि विचारलं मला. "जावईबापू, हे काय आणलं?" साडूंचा चेहरा एवढासा झाला. तरी ते चढले मचाणावर आणि नेम धरायच्या आधी तात एकदा ओढून सोडली. टंय्य! पुन्हा ओढली. टंय्य! आता ज्यानं खेड्यात दिवस काढलेत त्याला हा आवाज सांगायला नको. गल्लीत पिंजारी आला की तो हीच तात वाजवत येतो. रान गावाला लागून. पाचव्या टणत्काराला बांधावरून एक म्हातारी डोक्यावर गादीची वळकटी घेऊन धापा टाकत आली. "ओ दादा, जाऊ नको रं! लेकीच्या बाळंतपणाची गादी हाय, कापसाचे पार गोळे झाले!" तिच्यामागं आणखी दोघी उशा घेऊन. मचाणाखाली येऊन तिनं वर पाहिलं आणि झटकन डोक्यावर पदर ओढला. "अगं बया! हे तर थोरले जावई!"

इथं शिकारीचा निकाल लागला. दोन्ही जावई गावात आलेत, रानात बसलेत, आणि त्यांना अजून कुणी चहासुद्धा पाजला नाही, ही बातमी उशांबरोबर गावात गेली. आमच्याकडं जावई एका घरचा नसतो, सगळ्या भावकीचा असतो. प्रत्येक चुलीवरचा चहा त्याला घ्यावाच लागतो. एकाचा घेतला आणि दुसऱ्याचा टाळला तर ते भांडण बारशापासून बाराव्यापर्यंत पुरतं. मग बांधावरून किटल्या यायला लागल्या. चुलत सासरे आले, मावस सासरे आले, ज्यांचं नातं मला आजही लागत नाही असे तिघं आले. वडीलधारं माणूस आलं की जावयानं खाली उतरून पाया पडायचं, चहा घ्यायचा, शाळेची चौकशी ऐकायची, पुन्हा वर चढायचं. अंधार पडेपर्यंत आमचा शिकारी अकरा वेळा मचाणावरून उतरला. त्यांना काय, तेवढंच हवं होतं. माझं पोट मात्र गुळाच्या चहानं तुडुंब भरलं. हरीण तर सोडाच, त्या गलबल्यात कावळासुद्धा रानाकडं फिरकला नाही. सासरे खाली बसल्या जागी प्रत्येकाला "या, बसा" म्हणत होते. सासूबाई गेल्यानंतर त्यांच्याकडं एवढी माणसं प्रथमच येत असावीत.

रविवारी झुंजुमुंजु व्हायच्या आत आम्ही पुन्हा मचाणावर. गाव निजलेलं होतं, त्यामुळं चहाचं भय नव्हतं. थंडी अशी की माझे दात वाजत होते. साडूंना अर्धा तास गप्प बसवणं हे मी आयुष्यात केलेलं सर्वांत अवघड काम. दर दोन मिनिटांनी मी त्यांचा सदरा धरून खाली ओढत होतो. आणि मग ती आली. पंधराएक हरणं, नाल्यातून वर, हरभऱ्यात अगदी घरच्यासारखी. पुढं एक काळा नर. साडूंनी बाण लावला, तात कानापर्यंत ओढली, मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला. टंय्य! डोळे उघडले तर बाण आठ-दहा हातांवर आडवा पडलेला. चाचा खोटं बोलले नव्हते. कळपानं मान वर केली, आमच्याकडं पाहिलं, आणि पुन्हा हरभऱ्यात तोंड घातलं. हा अपमान होता. साडूंनी धनुष्य फेकलं, मचाणावरून उडी मारली, गळ्यातली शाळेची शिट्टी तोंडात धरली आणि अनवाणी सुटले.

पुढचे चार तास मी जे पाहिलं ते पुन्हा कधी पाहायला मिळायचं नाही. कळप नाल्यात उतरला की हे नाल्यात. कळप वळसा घालून वरच्या बांधानं आला की हे वरच्या बांधावर, हातवारे करत, शिट्टी फुंकत, "ए, लाईन मोडू नको!" असं त्या काळ्या नराला दरडावत. हरणं दमली पण हा माणूस दमेना. सासरे एव्हाना येऊन मचाणाखाली बसले होते. आधी त्यांचे खांदे हलायला लागले, मग काठी हातातून पडली, आणि मग ते हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, खोकला लागेपर्यंत. मी त्यांना पाणी दिलं. "काय पळतोय हो गडी," ते म्हणाले, आणि पुन्हा हसायला लागले. दहाच्या सुमारास कळप जो टेकडीपलीकडं गेला तो परत दिसला नाही.

सासऱ्यांचं हे हसणं साडूंना ठाऊक नव्हतं. पायांत काटे घेऊन ते परत आले तेव्हा त्यांच्या तोंडावर कळा नव्हती. "साडूभाऊ, एक बी पडलं न्हाई," ते हळूच म्हणाले. "मी आलो काय अन् न आलो काय. उद्या बटईवाला येणार." जेवताना ते ताट घेऊन फिरलेसुद्धा नाहीत. मला ते पाहवेना.

दुपारून आम्ही जीपसाठी रस्त्यावर आलो. सासरे काठी टेकत टेकत मागून तिथवर आले. मला वाटलं, आता मत विचारतात. मी मत तयारही ठेवलं होतं. पण ते माझ्या अंगावरून पुढं गेले.

"थोरले जावई."

"व्हय मामा."

"पुढल्या शनिवारी शाळा कधी सुटती?"

"सकाळची हाय मामा. दुपारून मोकळाच."

"मग या. बटईवाल्याला मी नको म्हणतो." परत फिरता फिरता ते म्हणाले, "धनुष्य नका आणू. तुमीच या."

जीपमध्ये साडूंनी माझा दंड घट्ट धरला. "इचारलं का न्हाई?" ते म्हणाले. "शाळा कधी सुटती म्हणून मला इचारलं. तुमी ऐकलं नं?" ऐकलं, मी म्हणालो. वारंग्यापर्यंत त्यांनी मला हेच चार वेळा विचारलं, आणि चारही वेळा मी तेच उत्तर दिलं.

हरभरा घरी येईपर्यंत साडू दर शनिवारी डोंगरकड्याला गेले. सासरे त्यानंतर दोन हिवाळे होते, आणि त्या दोन वर्षांत बैलाविषयी, विहिरीविषयी, कशाविषयीच मला एकही पत्र आलं नाही. सगळी साडूंच्या पत्त्यावर जात. मी पोस्टातलाच माणूस, टपाल माझ्याच टेबलावर यायचं. सासऱ्यांचं ते तिरकं अक्षर ओळखू यायचं. शिक्का मारताना थोडं वाईट वाटायचं, पण ते कार्ड मी नेहमी गठ्ठ्यात सगळ्यांत वर ठेवायचो, म्हणजे पोस्टमन आधी त्यांच्या घरी जाईल.