फी कमी झाली, काऊन?

माझ्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याइतका संशयी माणूस नांदुऱ्यात दुसरा नाही, आणि असलाच तर भाऊजींचा त्याच्यावर संशय असणार. बत्तीस वर्षं ते जिनिंग फॅक्टरीच्या वजनकाट्यावर होते. कापसाच्या गाड्या मोजून मोजून त्यांची खात्री पटली, की जगात खरं वजन एकच, आपण स्वतः केलेलं. नातू झाला तेव्हा दवाखान्याच्या काट्यावर त्यांचा विश्वास बसेना. ओळखीच्या किराणा दुकानातून काटा आणून बाळाला टॉवेलसकट पुन्हा जोखलं आणि मग टॉवेलचं वजन वजा केलं. सिलिंडर हलवून बघतात, टरबूज तीन दुकानांत वाजवतात. डॉक्टरांनी ‘काही झालेलं नाही’ सांगितलं, की लगेच दुसऱ्या डॉक्टरकडे जातात.

स्टेशन रोडला माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. दाखले, सातबारा, अर्ज. दर तीन महिन्यांनी भाऊजी तिथे येतात आणि आपल्या पेन्शन खात्याचा उतारा काढायला लावतात. फॅक्टरीत पेन्शन नव्हती, म्हणून हे खातं त्यांनी स्वतः उघडलं, तेही ताईसाठी. आपल्या मागे तिला कोणाचं तोंड बघायला लागू नये, ही एकच गोष्ट त्यांनी जन्मात संशय न घेता ठरवली. पैसे गुंतवणारे वेगळे, हिशेब ठेवणारी कंपनी वेगळी आणि ती आपली फी खात्यातूनच कापून घेते, हे मी समजावलं तेव्हा ते म्हणाले, “म्हंजे ढिगातून मूठ काढनं.” तेव्हापासून दर वेळी ती मूठ मोजून जातात.

मागे मेसेज आला, की त्यांच्या खात्याचा हिशेब ठेवणारी कंपनी एका मोठ्या कंपनीने घेतली आणि फी उतरली.

“चांगलं झालं की, भाऊजी.”

“कमी झाली? काऊन?”

“दोघांचं काम एका जागी आलं, खर्च वाचला.”

“बाई, आपल्या इकडं चार जिनिंग होत्या. एका शेठनं बाकीच्या तिन्ही घेतल्या. पयल्या साली भाव चढा देला, लोक नाचले. दुसऱ्या साली गाडी घिऊन जाचं कुठं? काटा एकच! अन् इकडची यादी तिकडं उतरवली, तवा दोन हमालायची नावंच गळाली. काढ उतारा.”

दुकानात चार माणसं खोळंबली होती. मी चिडूनच कागद काढला. फी खरोखर उतरली होती, रक्कम पैशापर्यंत बरोबर. ‘झालं समाधान?’ म्हणणार, तोच त्यांचं बोट खालच्या ओळीवर थांबलं. वारसाच्या नावाचा रकाना कोरा होता.

मला वाटलं, आता दुकान डोक्यावर घेतील. ते नुसते स्टुलावर बसले.

नाव पुन्हा भरायचं, तर आधारवर आहे तेच हवं. ताईचं आधार शाळेच्या दाखल्यावरून निघालेलं, त्यावर ‘कमल’. जुन्या फॉर्मवर ‘सुलोचना’. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने भाऊजींनीच ते लिहिलं होतं. नाव जुळलं नाही म्हणून गळालं, की कंपनीच्या हातून, ते मला सांगता येईना.

“माहाच काटा खोटा निघाला, बाई,” ते हळूच म्हणाले. “नाव मीच बदललं.”

मग फॉर्मवर त्यांनी ठळक अक्षरात ‘कमल’ लिहिलं. पोच घेतली, उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितली.

तिसऱ्या दिवशी ताईचा फोन. “काऊन वं, दुकानात तुह्या भाऊजीले काही झालं का? परवापासून मले कमल, कमल म्हून हाका मारून राह्यले. तब्येत बरी हाय ना यायची?”

“बरी हाय. कंपनीच्या नव्या यादीत तू कमल हायेस. आता ओ देत जाय.”

ती म्हणाली, “माय गेल्यापासून त्या नावानं कोनी बलावलंच नोतं वं. पयल्या हाकेले तं मी दाराकडं पाह्यलं, कोन पाव्हनी आली म्हून.”