टोपीवरचं साल

माझा धाकटा भाऊ लहान इंजिनांचा मिस्त्री. गवत कापायची यंत्रं, पाण्याचे पंप, आणि बागेत चालवायचे ते बुटके ट्रॅक्टर, ज्यांच्यावर मोठा माणूस बसला की गुडघे कानाला लागतात, असलं काहीही बंद पडलं की लोक त्याच्याकडे आणतात. मी त्याची थोरली बहीण. त्याच्या वर्कशॉपच्या पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन आहे. त्यामुळे मागे काय चाललंय ते मला न विचारता कळतं, आणि कळलं की बोलल्याशिवाय माझ्याच्यानं राहवत नाही.

भाऊ तसा घुमा. गिऱ्हाईकाला नाव विचारणार नाही, पण इंजिनाचं साल आधी विचारणार. कंपनी वरून इंजिन तेच ठेवते आणि आतली मापं गुपचूप बदलते, त्यामुळे साल चुकलं की मागवलेला पार्ट बसत नाही. आता इंजिनाच्या पंख्यावर पत्र्याचं झाकण असतं, त्याला आमच्याकडे टोपी म्हणतात. साल-महिन्याचा आकडा त्या टोपीवर ठोकलेला असतो. लोक तो वाचतात आणि खूश होतात. पण टोपी चेपते, गंजते, मग कुणीतरी दुसऱ्याच इंजिनाची आणून बसवतं. म्हणून हा सगळ्यांना सांगायचा, "टोपी कुणाचीही कुणालाही बसते. साल अंगावर बघायचं." टोपी काढायची आणि खालच्या ओतीव अंगावरचा आकडा वाचायचा. तो वेगळा निघाला की म्हणायचा, "तुम्हाला टोपी घातली हो कुणीतरी!" आयुष्यात त्यानं केलेला हा एकच विनोद. दर वेळी स्वतःच हसायचा, आणि वहिनी स्वयंपाकघरातून त्याच्याबरोबर ओठ हलवायची. इतकं तिला ते पाठ.

त्यांना एकच मुलगा. बारक्या म्हणायचो आम्ही, आणि वाढला सहा फूट. बापाच्या हाताखाली शिकला, पण बापाचं एक ऐकेल तर शपथ. प्रत्येक नटाखाली दोन वायसर घालायचा. "एक पुरतो रे! वायसर काय झाडाला लागतात?" बाप ओरडायचा. "सैल पडत नाही, बाबा," एवढं म्हणून तो दुसरा घालायचाच. पुढे त्यानं भंगारातून एक जुना बागेचा ट्रॅक्टर आणला, त्याच्या स्वतःच्या वयापेक्षा जुना. सीटखाली मोडलेली पट्टी त्यानं स्वतः जोडली, तो वाकडातिकडा वेल्डिंगचा डाग मी रोज बघत होते. मूळ इंजिन काढून दुसरं टाकायचं त्याच्या डोक्यात होतं. बाप म्हणाला, मूळ इंजिन काढलंस तर तो ट्रॅक्टर राहत नाही, नुसता सांगाडा राहतो. शब्दाला शब्द वाढला. "सांगाडा तर सांगाडा," म्हणत पोरानं ट्रॅक्टर टेम्पोत चढवला आणि निघून गेला. हे एक्याण्णव साल.

ब्याण्णवमध्ये नदीत लाँच बुडाली. आमच्या गल्लीतल्या न्हाव्यानं बारक्याला त्या सकाळी धक्क्यावर, लाँचच्या रांगेत पाहिलं होतं. काही जण सापडले, काही सापडले नाहीत. आमचा सापडला नाही.

तेव्हापासून वहिनीनं त्याच्याबद्दल 'होता' हा शब्द तोंडातून काढला नाही. बारक्याला साय आवडत नाही. बारक्या उंच आहे, त्याला ही खाट पुरत नाही. घरात सगळेच तसं बोलायला शिकलो. माझी जीभ चाकूसारखी, पण या बाबतीत मीही मूग गिळून बसायचे.

आठ वर्षांनी तो ट्रॅक्टर परत आला.

एक नर्सरीवाला घेऊन आला. भला माणूस, पण सतत घाईत. लिलावात घेतलाय म्हणाला, कुणाचा होता देव जाणे, धूर फार सोडतो. भावानं वाकून सीटखाली बघितलं आणि तसाच वाकलेला राहिला. मी मशीन सोडून धावले. तोच वेल्डिंगचा डाग! इंजिन मात्र दुसरं. आणि त्या इंजिनाच्या बैठकीच्या चारही नटांखाली दोन-दोन वायसर.

"अक्का," भाऊ म्हणाला, "हे त्यानं बसवलंय."

मग चिंधी रॉकेलमध्ये बुडवून त्यानं टोपीवरचा चिखल पुसला. आकडा दिसला. चौऱ्याण्णव.

देवा रे! ब्याण्णवात बुडालेला माणूस चौऱ्याण्णवचं इंजिन कसं बसवेल? मी वहिनीला हाक मारली ती गल्लीच्या टोकाला ऐकू गेली असेल. ती पिठाच्या हातांनी आली, तिनं आकड्यावरून बोट फिरवलं आणि खाली फरशीवर बसून राहिली. रडली नाही. "मी म्हणत होते ना," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं मधली खोली रिकामी केली, गादी उसवून कापूस पिंजायला दिला आणि माझ्याकडून सहा फुटी माणसाचा शर्ट बेतून घेतला. छातीचं माप विचारलं तर म्हणाली, "आता भरला असेल, सैलच ठेवा." मी सैल ठेवला. मलाही खरंच वाटत होतं, खोटं कशाला सांगू?

भाऊ मात्र त्या इंजिनाला हात लावेना. नर्सरीवाला रोज विचारायला यायचा, हा रोज उद्या म्हणायचा. शेवटी एका दुपारी वहिनी कापूस आणायला गेली होती, तेव्हा मी म्हणाले, "काय रे, दुनियेला सांगतोस टोपीवर जाऊ नका. ही टोपी का नाही काढत?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला, की आपण उगाच बोललो असं मला वाटलं. पण त्यानं पाना घेतला. मला बॅटरी धरायला लावली. टोपीचा पहिला बोल्ट निघाला. त्याखाली वायसर एकच. दुसऱ्याखाली एकच. तिसऱ्याखालीही. टोपी दुसऱ्याच कुणाच्या तरी हातची होती. मी बघायला वाकले तशी बॅटरी हलली. "नीट धर," तो म्हणाला. टोपी बाजूला झाली, त्यानं ब्रश मारला, आणि आतल्या अंगावरचा उठलेला आकडा आम्ही दोघांनी वाचला. एकोणनव्वद.

म्हणजे बारक्यानं ते इंजिन घर सोडल्याबरोबरही घातलं असेल. टोपी कुणीतरी मागाहून बदलली असेल. मुलगा मेला असं काही ते इंजिन सांगत नव्हतं. पण तो जगला असंही आता सांगत नव्हतं, आणि तेवढ्याचाच तर आधार होता.

"मलाच टोपी घातली गं, अक्का," भाऊ म्हणाला. हसायला गेला आणि त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. तिथंच, त्या इंजिनावर डोकं टेकून माझा पन्नाशीचा भाऊ ओक्साबोक्शी रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. दुसरं काय करणार? मग त्यानं तोंड पुसलं आणि टोपी होती तशी बसवली. "तिला बोलू नकोस."

नशीब बघा, नर्सरीवाला नेमका वहिनी समोर असतानाच आला. इंजिन खोलून झालं होतं, पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या. "शहरातल्या दुकानातून मी मागवतो, मिस्त्री. साल तेवढं सांगा."

वहिनी कोपऱ्यात शर्टाला काजं करत बसली होती. भावानं तिच्याकडे पाहिलं.

"चौऱ्याण्णव," तो म्हणाला.

रिंगा आल्या, बसल्या नाहीत. बसणार कशा? मधल्या काळात कंपनीनं माप बदललेलं. खिशात मापाचा कॅलिपर घेऊन फिरणारा माझा भाऊ, पण म्हणाला, दुकानदारानं चुकीच्या पाठवल्या. परत पाठवल्या. पुन्हा त्याच आल्या. मी त्याला गाठून सांगितलं, अरे बाबा, त्या माणसाला एकट्याला बाहेर गाठ आणि खरं साल सांग, वहिनीला कोण सांगायला जातंय? तर म्हणाला, "एकोणनव्वद तोंडातून एकदा निघालं ना अक्का, की मग ते खरं होतं." चिडले मी. जाऊन मशीनवर बसले. रोज दुपारी तो त्या न बसणाऱ्या रिंगा कानशीनं घासत बसायचा. एक मोडायची, की दुसरी घ्यायचा. वहिनी रोज विचारायची, शोधायला कधी निघायचं? आणि हा म्हणायचा, हे काम हातावेगळं झालं की लगेच.

तिसऱ्यांदा चुकीच्या रिंगा आल्या तेव्हा नर्सरीवाल्याचा तोल गेला. लावणीचा हंगाम तोंडावर आलेला. "मिस्त्री, जमत नसेल तर तसं सांगा! लोक म्हणाले तुमचं साल कधी चुकत नाही, म्हणून आलो मी!"

वहिनी चहा घेऊन दारात आली होती. तिनं कप बाकावर ठेवले, मोडलेल्या रिंगांचा ढीग बघितला, मग टोपी बघितली. तीस वर्षं त्या वर्कशॉपमागे संसार केलेली बाई ती. रिंग बसत नाही म्हणजे काय चुकलेलं असतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"अहो," ती म्हणाली, "टोपीवरचं साल दिलंत?"

भाऊ हातातली रिंग घासत राहिला.

"अंगावरचं काय आहे?"

"मग सांगतो. घरात चल."

"इथंच सांगा. त्यांचं काम अडलंय."

मी मशीनचं चाक हातानं थांबवून धरलं होतं. भावानं कानस खाली ठेवली. त्याचा आवाज इतका बारीक निघाला की नर्सरीवाल्यानं "काय?" म्हणून पुन्हा विचारलं.

"एकोणनव्वद."

वहिनी टोपीकडेच बघत होती. ओठ हलत होते, हिशेब करत असावी, पण तो करायला कितीसा वेळ लागतो? मग ती नर्सरीवाल्याकडे वळली.

"एकोणनव्वदच्या मागवा," ती म्हणाली. "आमच्या मुलानं बसवलेलं इंजिन आहे ते. हात चांगला होता त्याचा."

होता. भाऊ उठला, तिच्या जवळ गेला, आणि मध्येच थांबला.

त्या बिचाऱ्या माणसाला यातलं काय कळणार? त्यानं साल लिहून घेतलं, चहा एका घोटात संपवला आणि म्हणाला, "बघा, हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर किती बरं झालं असतं."

"हो," वहिनी म्हणाली. "चुकलंच आमचं."